एक केबल काढता आली पाहिजे

काम संपलं की रॅकचा फोटो काढायची हौस हल्ली नेटवर्कच्या पोरांमध्ये जोरात आहे. दार उघडं, निळ्या केबलींची जुडी वरपासून खालपर्यंत भांग पाडल्यासारखी सरळ, दर चार बोटांवर काळा केबल टाय करकचून आवळलेला आणि टायची शेपटं एका रेषेत कापलेली. फोटो झकास येतो, ग्राहक खूश होतो, बिल मंजूर होतं. पुढे कधीतरी त्या अठ्ठेचाळीस केबलींमधली एकच बदलायची वेळ येते. त्यासाठी जुडीवरचे सगळे टाय कापावे लागतात, कापताना कटरचं टोक शेजारच्या केबलीत घुसतं आणि एका लिंकची तक्रार सोडवायला आलेला माणूस दुसरी लिंक पाडून जातो. अशा रॅकला नीटनेटका म्हणायला मी तयार नाही.

रॅक लावण्याबद्दलची ही पुस्तिकाही तसं म्हणायला तयार नाही, म्हणून तिच्यासाठी चार पानं लिहायला मी आनंदाने होकार दिला. साइटवर रॅकच्या ड्रेसिंगबद्दल बोलताना आपल्याकडे सगळा भर दिसण्यावर असतो. लेखकाने मात्र सुरुवातीलाच एक कसोटी ठेवली आहे: बाकीच्यांना धक्का न लावता कुठलीही एक केबल, कुठलंही एक यंत्र, चालू कामात काढून परत बसवता येतं का? पुढची सगळी प्रकरणं या एका प्रश्नाभोवती फिरतात. रॅक लावणारा माणूस आणि रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन त्याच्यापुढे उभा राहणारा माणूस बहुधा एकच नसतो. पहिल्याने दुसऱ्यासाठी काम करायचं आहे, हे या व्यवसायात कोणी शिकवत नाही.

टेलिफोन खात्यात मुरलेल्या लोकांना मात्र हे चांगलं ठाऊक होतं. एक्सचेंजच्या इमारतीत एमडीएफ नावाची लोखंडी चौकट असायची. तिच्या एका अंगाला रस्त्याखालून आलेल्या जाड केबलींच्या जोड्या कायमच्या बसवलेल्या, दुसऱ्या अंगाला एक्सचेंजच्या यंत्रांकडून आलेल्या तारा, त्याही कायमच्या. दोहोंना सांधणारा जंपर तेवढा बदलता. ग्राहक दुसऱ्या गल्लीत राहायला गेला आणि त्याला नंबर तोच हवा असला, तर जंपर एकीकडून उपसून दुसरीकडे लावायचा. जाड केबलीला बोट लावायचं कारण नाही. कायमचं कुठलं आणि बदलतं कुठलं, हे आधी ठरवायचं, आणि सगळी हालचाल बदलत्या भागात ठेवायची. आजचं पॅच पॅनेल याच विचारातून आलेलं आहे. भिंतीतून आलेली केबल पॅनेलच्या पाठीमागे पंच करून टाकली की तिचं काम झालं. पुढच्या बाजूला हातभर लांबीची पॅच कॉर्ड; ती खराब होईल, बदलेल, रंग बदलून येईल. पॅनेलचा खर्च वाचवायला भिंतीतल्या केबलीलाच प्लग क्रिंप करून ती थेट स्विचमध्ये खुपसण्याची पद्धत लहान ऑफिसांत सर्रास दिसते. ती केबल एकसंध तांब्याच्या तारांची असते, वारंवार वाकवण्यासाठी केलेलीच नसते. दोन-चार वेळा स्विच बदलला की तिच्या मानेशी तार तुटते, आणि मग भिंतीतून नवी केबल ओढायची.

रॅकची १९ इंची रुंदीही टेलिफोनवाल्यांकडूनच आली. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९२०च्या दशकात आपल्या एक्सचेंजांतल्या यंत्रांसाठी ही चौकट ठरवली, आणि आज नाशिकच्या पतसंस्थेतला भिंतीवरचा ९ यूचा छोटा रॅकही त्याच मापाचा असतो. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. उभ्या रॅकची सर्वसाधारण उंची ४२ यू. इथे नवशिक्याला चकवणारी एक गोष्ट आहे आणि पुस्तिकेत तिची आकृती दिली आहे हे फार बरं झालं. प्रत्येक यूमध्ये तीन भोकं असतात, पण त्यांतलं अंतर सारखं नसतं: १५.९, १५.९ आणि मग १२.७ मिलिमीटर. यूची हद्द त्या कमी अंतराच्या मधोमध असते. भलत्या भोकापासून तीन मोजली की यंत्र दोन यूंवर पाय ठेवून बसतं, वरचं यंत्र मावत नाही आणि वरच्या सगळ्यांना एकेक भोक सरकवत जावं लागतं. म्हणून केज नट बसवण्याआधी खालपासून यूचे आकडे उभ्या खांबावर लिहून घ्यावेत. चांगल्या रॅकवर ते छापलेलेच असतात, स्वस्तातल्यावर नसतात. जड सामान खाली, बॅटऱ्या आणि यूपीएस तर सगळ्यांत खाली. वरच्या भागात बसवलेला जड सर्व्हर रेलवर पुढे ओढला की जमिनीला न जखडलेला रॅक पुढे कलंडू शकतो, आणि त्याच्यासमोर उभा असतो तो बहुतेक वेळा एकटाच माणूस.

आता गुंत्याकडे येऊ. माझ्या अनुभवात त्याची सुरुवात खरेदीच्या यादीत होते. निविदेत एक ओळ असते: पॅच कॉर्ड, दोन मीटर, इतके नग. सगळ्या एकाच लांबीच्या घेतल्या की भाव बरा मिळतो आणि हिशोबाला सोपं जातं. मग जिथे अर्ध्या मीटरचं काम आहे तिथे दोन मीटरची कॉर्ड येते, आणि उरलेला दीड मीटर कुठेतरी कोंबावा लागतो. अशा चोवीस कॉर्ड झाल्या की स्विचचे दिवे दिसेनासे होतात. लेखकाचा उपाय साधा आहे आणि मला पटतो. चोवीस पोर्टांचं पॅनेल, त्याच्या लगेच खाली चोवीस पोर्टांचा स्विच, पॅनेलचा पहिला पोर्ट स्विचच्या पहिल्यात, दुसरा दुसऱ्यात; कॉर्ड तीस ते पन्नास सेंटिमीटरच्या. आडवा केबल मॅनेजरही लागत नाही. अठ्ठेचाळीस पोर्टांचा स्विच असेल तर एक पॅनेल वर, एक खाली. पण बहुतेक स्विचवर वरच्या रांगेत विषम पोर्ट असतात आणि खालच्या रांगेत सम. म्हणजे वरच्या पॅनेलचा दुसरा पोर्ट स्विचच्या तिसऱ्यात जातो, तिसरा पाचव्यात. दिसायला देखणं, पण आकड्याला आकडा जुळण्याची सोय गेली. अशा वेळी पोर्टांचा तक्ता लिहून ठेवलाच पाहिजे, डोक्यात ठेवून चालत नाही. रॅक मोठा असेल आणि कॉर्ड लांबवर न्यायच्या असतील तर एक ते बारा डावीकडून, तेरा ते चोवीस उजवीकडून उतरवायच्या. एकही कॉर्ड यंत्राच्या तोंडावरून आडवी जाऊ द्यायची नाही, कारण मग ते यंत्र बाहेर काढता येत नाही.

केबलीच्या आत काय चाललं आहे हे कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीचा पीळ वेगवेगळा असतो. एकीचा आवाज दुसरीत जाऊ नये म्हणून कारखान्यात तो मोजूनमापून घातलेला असतो. पंच करताना हा पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. वळण केबलीच्या जाडीच्या चौपटीपेक्षा आखूड घ्यायचं नाही. कॅट सिक्ससाठी म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटर त्रिज्या. ओढताना जोर ११० न्यूटनच्या आत. भिंतीतला कायमचा टप्पा ९० मीटर, दोन्हीकडच्या कॉर्ड धरून एकूण १००. करकचून आवळलेला टाय यातलं पहिलंच सूत्र मोडतो: तो जोड्यांना चेपतो आणि पिळाची ठेवण बिघडवतो. याचा त्रास ताबडतोब दिसत नाही, म्हणून तो कुणाच्या गळी उतरवणं कठीण जातं. १०० मेगाबिटवर फक्त दोन जोड्या लागतात, त्यामुळे जखमी केबलही चालून जाते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. पुष्कळदा तक्रार येते ती अशी: लिंक चालू आहे, दिवा हिरवा आहे, वेग मात्र शंभराच्या वर जात नाही. चारांपैकी एक जोडी गेलेली असते.

टायबद्दल जरा रेंगाळतो, कारण पुस्तिकेने तो विषय दोन ओळींत संपवला आहे. टाय येण्याआधी केबली मेण लावलेल्या दोऱ्याने विणून बांधत. एक्सचेंजांत आणि विमानांत हे काम वर्षानुवर्षं चाललं; अवकाशयानांच्या तारा नासात आजही गाठी मारूनच बांधतात. अमेरिकेतल्या थॉमस अँड बेट्स कंपनीचा मॉरस लोगन १९५६ साली बोइंगच्या कारखान्यात गेला. मेणाच्या दोऱ्याने विमानातल्या हजारो तारा बांधताना कामगारांच्या बोटांची काय गत होते ते त्याने पाहिलं आणि दोन वर्षांनी केबल टाय बाजारात आला. त्याच दशकात, १९५५ साली, स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल याला वेल्क्रोचं पेटंट मिळालं. कुत्र्याच्या केसांत अडकलेली रानातली काटेरी बोंडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याला ती कल्पना सुचली होती. दोन्ही वस्तू उत्तम आहेत. पण टाय जन्मला तो विमानासाठी, जिथे एकदा बांधलेली जुडी सहसा उघडायची नसते. रॅक वर्षात दहा वेळा उघडतो. तिथे वेल्क्रोच हवा, तोही बोट आत जाईल इतका सैल. फायबरच्या पिवळ्या किंवा आकाशी कॉर्डना तर टाय लावूच नये, आणि त्या तांब्याच्या जाड जुडीखाली दबतील अशा नेऊ नयेत.

जुडीची जाडी हाही आता नुसता दिसण्याचा प्रश्न उरलेला नाही. कॅमेरे, फोन, वायफायची यंत्रं नेटवर्कच्याच केबलीतून वीज घेतात. २०१८च्या मानकात ही वीज स्विचपाशी प्रत्येक पोर्टला ९० वॉटपर्यंत गेली आहे. मोठ्या जुडीत मधल्या केबलींची उष्णता बाहेर पडत नाही आणि तापलेल्या तांब्यातून सिग्नल अधिक क्षीण होतो. चोवीसपेक्षा मोठी जुडी बांधू नये हा संकेत म्हणून पाळावा.

लेबलांचं प्रकरण या पुस्तिकेतलं सगळ्यांत कसदार आहे. आपल्याकडे लेबलावर काम लिहायची सवय आहे: ‘साहेबांचा प्रिंटर’, ‘कॅश काउंटर २’. साहेब बदलतात, प्रिंटर दुसऱ्या मजल्यावर जातो, कॅश काउंटरच्या जागी कर्जविभाग येतो. लेबल तसंच राहतं आणि खोटं बोलत राहतं. लेबलावर ठिकाण लिहावं: कितवा रॅक, कितवा यू, कितवा पोर्ट. ठिकाण बदलत नाही. काम तक्त्यात लिहावं, तो खोडून सुधारता येतो. तेच नाव दोन्ही टोकांना, आणि प्लगपासून इतक्या अंतरावर की कॉर्ड न उपसता वाचता येईल. पांढऱ्या इन्सुलेशन टेपवर पेनाने लिहिलेलं नाव उन्हाळ्यात रॅकच्या पाठीमागच्या उकाड्यात टिकत नाही. डिंक सुटतो आणि सगळी नावं तळाशी पाचोळ्यागत पडलेली सापडतात. गुंडाळून स्वतःवरच चिकटणारं पारदर्शक शेपटीचं लेबल थोडं महाग पडतं, तेवढा खर्च करावा. तक्त्यासाठी लहान जागी दाराच्या आत चिकटवलेला कागद पुरतो, फक्त त्यावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख हवी. मोठ्या ठिकाणी नेटबॉक्ससारखी मोफत प्रणाली आहे. २०१६पासून ती खुली आहे आणि प्रत्येक केबलीची दोन्ही टोकं तिच्यात नोंदवता येतात. मात्र तिथेही खरं कोण, रॅक की नोंद, हा वाद रोज होतो. लेखकाने दिलेला नियम कडक आहे: आधी नोंद, मग केबल. मला तो अंमलात आणायला अवघड वाटतो, पण सैल नियमाने काय होतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

रॅकची पाठ कोणी फोटोत घेत नाही, आणि खरी परीक्षा तिथे असते. सर्व्हर समोरून थंड हवा ओढतो आणि मागे गरम हवा फेकतो. रॅकच्या रांगा तोंडाला तोंड आणि पाठीला पाठ लावून उभ्या करायच्या, म्हणजे एक गल्ली थंड आणि पुढची गरम, ही मांडणी आयबीएमच्या रॉबर्ट सुलिव्हन यांनी १९९२ साली रूढ केली असं मानलं जातं. यंत्राच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी अशी अमेरिकन वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची, अ‍ॅशरेची, शिफारस आहे. या सगळ्यावर पाणी फिरवायला दोन गोष्टी पुरतात. एक, रिकाम्या यूंना पत्र्याची झाकणं नसणं. त्या फटीतून मागची गरम हवा पुढे येते आणि तेच यंत्र तीच हवा पुन्हा ओढतं. दुसरी, मागे लोंबणारी जास्तीच्या लांबीची पॉवर कॉर्ड आणि केबलींचा पडदा, जो पंख्यांच्या तोंडावरच बसतो. तिसरी चूक जरा शहाण्या माणसांची असते. सर्व्हरचे पोर्ट पाठीमागे असतात म्हणून ते स्विचही पोर्ट मागे करून बसवतात, पण स्विचचा वारा कोणत्या दिशेने वाहतो ते बघत नाहीत. मग तो गरम गल्लीतली हवा पितो. हवेची दिशा मागणी नोंदवतानाच निवडावी लागते, पुढून मागे की मागून पुढे. खोका उघडल्यावर उशीर झालेला असतो.

विजेचंही तसंच. दोन पॉवर सप्लाय असलेल्या सर्व्हरच्या दोन्ही कॉर्ड एकाच पीडीयूत, म्हणजे रॅकमधल्या वीज वाटणाऱ्या पट्टीत, लावलेल्या अजून दिसतात; मग दोन सप्लाय घेतले कशाला? एक तांबडी कॉर्ड ए बाजूला, एक निळी बी बाजूला, असे रंग ठरवून टाकले की ही चूक लांबूनही दिसते. त्याहून सूक्ष्म चूक हिशोबाची. २३० व्होल्टवर ३२ अँपिअरची लाइन ७.३६ किलोवॉट देते. दोन्ही लाइनींवर साठ-साठ टक्के भार टाकला तर रोज काही बिघडत नाही. ज्या दिवशी ए जाते त्या दिवशी बीवर एकशेवीस टक्के येतो, ब्रेकर पडतो आणि दोन्ही जातात. म्हणून प्रत्येकीवर निम्म्याहून कमी.

हे सगळं ऐरोली, रबाळे, महापे इथल्या मोठ्या डेटा सेंटरांना लागू आहे तसंच जिल्ह्याच्या गावातल्या सहकारी बँकेच्या शाखेलाही. खरं तर शाखेला जास्तच, कारण तिथे वातानुकूलन नाही, रॅक जिन्याखाली किंवा मॅनेजरच्या डोक्यावर टांगलेला आहे, आणि मॉडेम रॅकमध्ये न बसवता वर झोपवलेले आहेत. तिथले शत्रू वेगळे. उंदीर केबल कुरतडतात, तेव्हा भिंतीतल्या प्रत्येक भोकाचं तोंड बुजवलं पाहिजे. कोकणात खाऱ्या हवेने केज नट गंजून फिरेनासे होतात. झाडू मारणारी बाई कुठला प्लग काढेल ते सांगता येत नाही. तिचा दोष नाही, त्या सॉकेटवर काही लिहिलेलंच नसतं. आणि खंडेनवमीला रॅकला झेंडूचा हार घालतात तो समोरच्या जाळीवर न घालता बाजूला बांधावा. पाकळ्या आत ओढल्या जातात. पूजेला माझा काहीच विरोध नाही.

दुसरं टोकही सांगितलं पाहिजे. एनव्हिडियाने २०२४ साली जाहीर केलेल्या एनव्हीएल ७२ या रॅकमध्ये ७२ जीपीयू आहेत, एका रॅकला सुमारे १२० किलोवॉट वीज लागते आणि आतल्या आत त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या केबली पाच हजारांच्या वर आहेत, लांबी तीन किलोमीटरहून अधिक. तांबं ठेवलं कारण तेच काम प्रकाशावर केलं असतं तर नुसत्या त्या जोडण्यांनीच वीसेक किलोवॉट खाल्ले असते. या केबलींना साइटवर कोणी वेल्क्रो बांधत नाही. त्या कारखान्यातून तयार पेट्यांमध्ये जखडून येतात आणि यंत्रं समोरून सरकवून त्यांच्यात बसवली जातात. म्हणजे एमडीएफचाच विचार टोकाला नेलेला: कायमचं ते मागे, बदलतं ते पुढे, आणि एक यंत्र काढताना पाच हजार केबलींपैकी एकीलाही हात लागत नाही. त्यामुळे ड्रेसिंगचं काम संपेल असं काही जण म्हणतात. मला तसं दिसत नाही. असे रॅक मूठभर ठिकाणी असतील. शाळा, दवाखाने, साखर कारखान्यांची ऑफिसं, पालिकेचे कॅमेरे यांच्यासाठी हातानेच केबल ओढावी, पंच करावी आणि बांधावी लागेल, आणि ते करणारी मुलं आयटीआय आणि पदविका संस्थांतून येतील. त्यांच्यापुढे येणारी मानकं सगळी इंग्रजीत आहेत. वाचता येत नाहीत असं नाही, पण कोणी वाचायला देत नाही. पंचिंग, क्रिंपिंग, एलआययू, फ्लूक रिपोर्ट हे शब्द लेखकाने साइटवर बोलतात तसेच ठेवले, त्यांच्या जागी कोशातले प्रतिशब्द बसवले नाहीत, म्हणून ही पुस्तिका त्या मुलांच्या खिशात राहील.

दोन तक्रारी नोंदवतो. जुन्या, मेलेल्या केबली काढून टाकण्याबद्दल पुस्तिका गप्प आहे. नवी केबल टाकायची, जुनी तशीच ठेवायची, असं करत ट्रे भरून जातात. प्लास्टिकचं वेष्टन आगीला खाद्य होतं, म्हणून अमेरिकेच्या विद्युत संहितेने २००२ सालापासून हाताला लागतील अशा निरुपयोगी केबली काढणं बंधनकारक केलं आहे. आपल्या निविदांतही जुनं काढण्याची स्वतंत्र ओळ आणि तिचा स्वतंत्र दर हवा, नाहीतर ते कोणीच करणार नाही. दुसरी तक्रार अर्थिंगची. त्याला दीडच पान मिळालं आहे. रॅकची चौकट, दारं, शील्ड असलेल्या केबलींची पॅनेलं, हे सगळं अर्थबारला कसं जोडायचं आणि रंग दिलेल्या पत्र्यावर नुसता स्क्रू आवळून संपर्क का होत नाही, हे पुढच्या आवृत्तीत आकृत्यांसह यायला हवं. तोवर वाचकाने त्या दीड पानावर विसंबू नये. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावं आणि अर्थचं रीडिंग लेखी मागावं.